आप्पांच्या गिटारीची औजारं

लातूर, जिल्हा लातूर
(चार वर्षं झाली तरी हात आधी 'जि. उस्मानाबाद' असंच लिहितो. खोडून लिहिलंय, शाई फुटलीय, चालवून घे.)
वैशाख, १९८६

तीर्थरूप नीलाआक्का हिच्या पायांशी धाकट्या विरूपाक्षचा शरणार्थ.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींना उन्हाचं बाहेर पडू देऊ नकोस, आणि ते ऐकणार नाहीत हे मला माहीत असल्यामुळं निदान डोक्याला उपरणं बांधून पाठव. आम्ही सगळे इथं खुशाल आहोत. खुशाल म्हणजे पाण्याचं सोडून. आपला जिल्हा झाला, कलेक्टर आले, पाट्या रंगल्या, पण नळ मात्र अजून तालुक्याचाच आहे. तो कधी येतो ते तुझ्या भावजयीला, शिवकांताला, झोपेतही कळतं. ती घागर घेऊन उठली की मी समजतो, गल्लीत भांडण सुरू झालं. टँकरचं तर विचारूच नकोस. टँकरवाल्याला आमच्या गल्लीत सध्या जावयाचा मान आहे.

तुझं कार्ड येऊन बरेच दिवस झाले. तुमच्या गल्लीतल्या कुणीतरी मला गुरुद्वाऱ्याच्या मागच्या बोळात पाहिलं, तोंड काळं, डोक्यावर गोणपाट, गोणपाटात खणखण वाजणारं भंगार, आणि मी तुझ्या घरी न येता परस्पर लातूरची एसटी धरली, हे सगळं त्यांनी तुला सांगितलं. 'सख्ख्या बहिणीच्या दारावरून भंगारवाला होऊन गेलास' असं तू लिहिलंस. ते खरं आहे. पण त्या अवतारात दारात उभा राहिलो असतो तर तूच आतून 'आज काही नाही, पुढं जा' म्हणाली असतीस. आता बयाजवार सांगतो. वाचताना बसून घे. (गुडघ्यांसाठी नाही, तसंच.)

हे सगळं आप्पांमुळं झालं. आपली आव्वा गेल्यावर दिवसकार्य आटपून तू नांदेडला गेलीस, आणि आप्पा अडतीवर जाऊन बसायला लागले. अडत उघडी, पण माल कुठाय? दुष्काळात बाजारात तूर नाही, करडई नाही, हमालसुद्धा नाहीत. ते सगळे रोजगार हमीवर खडी फोडायला गेले. आप्पा रिकाम्या गादीवर रिकाम्या काट्यासमोर बसायचे. जेवायला बोलावलं की यायचे, वाढलं की खायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. बोलणं बंद. शिवकांता मला म्हणायची, "मामा आपल्यात बसतात, पण असतात कुठं?" तुला माहीतच आहे, मी आणि आप्पा आयुष्यभर भावाबद्दल बोललो. तुरीचा भाव, करडईचा भाव. भाव संपले तसं आमचं बोलणंही संपलं.

संक्रांतीनंतर एक दिवस ते जेवता जेवता म्हणाले, "विरूपाक्ष, मला गिटार करायचीय." मला वाटलं, 'विहीर' म्हणाले. (सध्या लातुरात कुणीही काहीही म्हणालं तरी 'विहीर'च ऐकू येतं.) मी म्हणलं, "आप्पा, शंभर हातांवर पण पाणी नाही." ते म्हणाले, "गिटार. वाजवायची असते ती." शिवकांताची भाकरी तव्यावर तशीच राहिली. मी म्हणलं, मुंबईहून मागवू, हैदराबादहून आणू. तर म्हणतात, "आणलेली वाजवावी लागते. मला वाजवायची न्हाई. करायचीय."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुला तरी माहीत होतं का? आप्पा लग्नाआधी हैदराबादला दुकानात कामाला होते एवढंच आपल्याला माहीत. ते सिकंदराबादला एका चाळीत राहायचे आणि शेजारी रेल्वेतले एक गार्डसाहेब होते, किरिस्ताव. रविवारी संध्याकाळी ते व्हरांड्यात गिटार वाजवायचे. एकदा त्यांनी ती आप्पांच्या हातात दिली. आप्पांना त्यातलं गाणं आठवत नाही, गार्डसाहेबांचं नावही आठवत नाही. त्यांना आठवतं ते वजन. "हातात घेतली तर वजनच न्हाई," म्हणाले. "मी पोत्यांचा माणूस. तेवढी मोठी वस्तू, अन् आत नुसती हवा. मला वाटलं, हे कुणी केलं आसंल?" पुढं रझाकारांची धामधूम झाली, आप्पा गावाकडं आले, लग्न झालं, अडत झाली, आपण झालो. आणि हा प्रश्न त्यांच्या पोटात तसाच राहिला. आक्का, आपल्या बापाच्या पोटात करडईच्या भावाशिवाय काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

म्हणून मी औजारं शोधायला निघालो. मला वाटलं, सोपं काम आहे. गंजगोलाईच्या बाजारात गेलो, लोखंडाच्या एका दुकानातून (नाव सांगत नाही, त्याच्या मुलीचं लग्न आहे) पटाशी, रंधा आणि करवत घेतली. अशी चकचकीत की पटाशीत तोंड पाहून भांग पाडावा. आप्पांनी पटाशीला नखानं टिचकी मारली, कानाशी नेली, जशी तूर दाताखाली धरून बघायचे तशी. म्हणाले, "मुकी हाय." मी म्हणलं, पटाशीनं बोलायचं कशाला? दुसऱ्या दिवशी आंब्याच्या फळीवर लावली तर धार पापडाच्या कडेसारखी वळली. परत न्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "तुम्ही लाकडावर लावली का?" मी म्हणलं, मग कशावर लावायची होती? तो म्हणाला, लोक सहसा घरात ठेवतात. करवतीची गंमत अशी, की ती सरळ रेघेवर ठेवली की डावीकडं जायची. मी तिला उजवीकडं ओढायचो आणि शेवटी दोघं भलतीकडंच पोचायचो.

मग विलायती औजारांची चौकशी केली. नव्या कचेरीत मुंबईहून बदलून आलेले एक इंजिनियर आहेत, त्यांच्याकडं चित्रांचं पुस्तक होतं. त्यातल्या रंध्याचा भाव ऐकल्यावर मी पुस्तक मिटून दोन्ही हातांनी परत दिलं. स्वस्त असेल ते चालत नाही, चालेल ते परवडत नाही. हे मी अडतीवर बसून गिऱ्हाइकाला आयुष्यभर सांगत आलो, या वेळी उलट्या बाजूनं ऐकलं.

तेव्हा कुणीतरी सांगितलं, नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या मागं किरपाणी घडवणारे कारागीर आहेत, पोलादाची पारख तिथं. म्हणून मी आलो. ज्या सरदारजींकडं गेलो ते गप्पिष्ट निघाले. मी म्हणलं, बारीक दाताची करवत पाहिजे, गिटारीच्या मानेवर पडदे बसवायला खाचा पाडायच्यात. ते म्हणाले, तलवार सांगा, उद्या देतो. करवत आमच्या खानदानात कुणी केली नाही. पण त्यांनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून एक छोटी सुरी घडवून दिली, आणि भट्टी फुंकायला मला बसवलं. काळं तोंड त्याचं. मग त्यांनीच भंगार बाजार दाखवला. तिथं जुन्या कानशी मिळाल्या, मोडकी करवत मिळाली, आणि एक लोखंडी नळी मिळाली, कुणाच्यातरी कोरड्या बोअरची. परत येताना एसटीत कंडक्टरनं गोणपाट उघडायला लावलं. सुरी, कानशी, पातं बघून त्यानं विचारलं, "काय करता?" मी म्हणलं, "वाद्य." लोह्यापर्यंत माझ्या शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही. असा मी तुझ्या दारावरून गेलो आक्का. आता रागव.

सुरी आप्पांनी टिचकी मारून कानाशी धरली आणि मान हलवली. पण एका सुरीनं गिटार होत नाही. रंधा पाहिजे, पटाश्या पाहिजेत. मग मुखेडच्या आठवडी बाजाराला गेलो, या खेपेला आप्पाही बरोबर आले. पांढरं धोतर, डोक्याला पटका, आणि कपाळावर भस्माचे पट्टे; लग्नाला निघाल्यासारखे. बाजारात गुरांची जागा ओस होती. एका कडेला एक सुतार पोत्यावर औजारं मांडून बसला होता. दगडोबा त्याचं नाव. जुना रंधा, शिसवीच्या मुठीच्या पटाश्या, वापरून वापरून मुठी काळ्या गुळगुळीत झालेल्या. आप्पांनी एक पटाशी उचलली, टिचकी मारली. आक्का, मलाही ऐकू आलं. घंटेसारखा बारीक नाद निघाला आणि किती वेळ थांबला.

दगडोबानं भाव सांगितला. एवढा कमी, की मी खिशात हात घातलाही. पण आप्पा उभेच. मला वाटलं, आता घासाघीस करतील. आप्पा बाजारात भाव न करता उभे राहतात हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. उन्हानं चक्कर आली की काय म्हणून मी दंडाला धरलं. तर त्यांनी माझा हात सोडवला आणि धोतरासकट मातीत दगडोबाच्या शेजारी बसले.

"कामून विकतो?" आप्पांनी विचारलं.

"गाड्याची कामं न्हाईत, आप्पा. बैलं गेली बाजारात, गाड्या कुणासाठी करायच्या? नांगर कुणी सांगंना. धोंडाबाई म्हणती, लोखंड खाता येत न्हाई." (धोंडाबाई म्हणजे त्याची बायको.)

"पाऊस पडल्यावर?"

"पाऊस पडल्यावर बघू."

"तवा हातात काय राहील तुझ्या?"

दगडोबा रंधा उलटा करून त्याच्या पात्यावरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिला. आप्पांनी तो रंधा हातात घेतला आणि परत पोत्यावर ठेवला. मग म्हणाले, "औजारं नकोत मला. तू चल."

मी आप्पांना बाजूला घेतलं. म्हणलं, असा माल असा भाव पुन्हा मिळायचा नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही; रागाचं मला कळतं. ते म्हणाले, "स्वस्त हाय ते माल खराब म्हणून न्हाई, तो उपाशी हाय म्हणून. असल्या भावानं घेतलेल्या पटाशीनं मी वाद्य करू?" मी खिशातला हात बाहेर काढला. नंतर एसटीत खिडकीशी बसून मी खूप विचार केला. आपण अडतीवर भाव पडण्याची वाट बघतो, त्यालाच शहाणपण म्हणतो. भाव पडतो म्हणजे कुठंतरी कुणीतरी पडलेलं असतं, हे कसं कळत नाही? (मग विचार करता करता झोप लागली आणि लातूर आलं. माझे विचार उदगीरच्या पुढं जात नाहीत.)

थोडक्यात, चांगली औजारं परवडणाऱ्या भावात मिळाली, पण त्यांना एक माणूस जोडलेला निघाला. दगडोबा मागच्या पडवीत राहतो. मजुरी ठरली, त्याच्या घरी ज्वारी रवाना झाली. माणूस चांगला, पण हट्टी. त्यानं आयुष्यभर बैलगाड्या केल्या. गिटारीचं चित्र त्याला दाखवलं तर म्हणाला, "चाकाचा आख कुठाय?" वरची फळी पोस्टकार्डाच्या दोन-तीन जाडीएवढी पातळ करायची म्हणल्यावर तो रंधा ठेवून उठलाच. "येवढी पातळ? कुणी हात टेकला तर? मपलं नाव जाईल." आप्पा म्हणायचे पातळ कर, तो जाड ठेवायचा. आप्पा दुपारी झोपले की तो जाड ठेवायचा आणि तो भाकरीला बसला की आप्पा रंधा मारायचे. दोघं एकमेकांची चोरी माझ्याकडं सांगायला यायचे. इतके महिने धड न बोललेले आप्पा सकाळपासून भांडायला लागले, आक्का. शिवकांता चुलीपाशी बसून ऐकायची आणि पदरानं तोंड झाकून हसायची.

वरच्या फळीचं लाकूड नव्या जिल्ह्यानं दिलं. कचेरीची यंत्रं ज्या देवदारी खोक्यांत आली ती खोकी लिलावात निघाली. हलकं, सरळ रेषांचं लाकूड. कुणी चुलीला नेलं, आम्ही गिटारीला. एका फळीवर आतून 'काळजीपूर्वक हाताळा' असं छापलेलं आहे, ते तसंच ठेवलं. चिकटवलेले सांधे धरून ठेवायला शिकंज्यांऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबांच्या पट्ट्या आवळल्या आणि शिवकांताचे कपडे वाळत घालायचे सगळे चिमटे लावले. त्या आठवड्यात आमचे कपडे वाऱ्यानं थेट पोलीस ठाण्यापर्यंत गेले.

खरी अडचण आली ती बगला वाकवताना. गिटारीची बगल म्हणजे लांब पातळ पट्टी, ती भिजवून, तापल्या नळीवर दाबून वळवायची. तापवायला त्या कोरड्या बोअरची नळी होतीच. पण भिजवायला पाणी? मी शिवकांताकडं घागर मागितली. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी मागितलेलं परत घेतलं. "गल्लीत बाळंतीण पाण्यावाचून हाय," म्हणाली, "अन् तुम्ही लाकडाला पाजता?" तिचं खरं होतं. कोरडीच वाकवली, ती मोडली. दुसरी मोडली. दगडोबा म्हणाला, "लाकूड प्यालं तर वाकंल, न्हाईतर माणसासारखं मोडंल." आप्पा उठून आत गेले, शिवकांताशी काही बोलले. त्यानंतर ते ओल्या पंच्यानं अंग पुसून पूजेला बसायला लागले, आणि त्यांच्या आंघोळीचं पाणी दगडी डोणीत साठायला लागलं. त्यात पट्टी भिजली, वाकली, अगदी हळू, आप्पांचे दोन हात आणि दगडोबाचे दोन. नंतर तेच पाणी परसातल्या बेलाला गेलं. आणि डोणीत न ओतलेली निम्मी बादली शिवकांतानं त्या बाळंतिणीकडं भांडी घासायला पाठवली. यात कुणाचं चुकलं, कुणाचं बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सरसाचं मात्र मोठं रामायण झालं. लाकूड चिकटवायचा सुतारी सरस जनावराच्या कातड्याचा, आपल्या घरात तो शिजवायचा कसा? मी खळ वापरली, डिंक वापरला. गिटार जुळली. तारा लावल्या. संध्याकाळी सगळे बसलो, शेजारीपाजारी आले, भजनाची पेटी वाजवणारे शंकरप्पा सूर लावून द्यायला आले. त्यांनी जाड तार ताणली, बारीक तार ताणली, आणि घोडी, म्हणजे पोटावरची ती पट्टी जिच्यावर तारा टेकतात, ती सुटून उडाली. थेट भिंतीवरच्या कॅलेंडराला लागली आणि शंकरप्पांचा चष्मा पुढ्यातल्या चुरमुऱ्यांच्या परातीत पडला. कुणी हलेना. सगळे आप्पांकडं बघायला लागले. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता पुन्हा गादीवर जाऊन बसणार.

आप्पा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. "बैल सुटला," म्हणाले, "दगडोबा, तुझा बैल सुटला!" आव्वा गेल्यापासून पहिल्यांदा. शिवकांता उठून आत गेली. मी पण कॅलेंडर सरळ करायच्या निमित्तानं भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दगडोबानं परसाच्या पार टोकाला, तीन दगडांवर, आपल्या फुटक्या मडक्यात सरस शिजवला. आप्पा म्हणाले, "देवळातल्या ढोलाचं कातडं कुठून आलं ते देवानं विचारलं का कधी?" घोडी बसली ती बसली.

आता ती अडतीवर काट्याच्या शेजारी टांगलीय. घरात कुणालाच वाजवता येत नाही. आप्पा संध्याकाळी एकच तार छेडतात, आणि ती थांबेपर्यंत ऐकतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. मी पण शेजारी बसतो. परवा त्यांनी ती माझ्या हातात दिली. आक्का, वजन आहे थोडं, दगडोबाचं ऐकलं तेवढं. पण आत खरंच हवा आहे. दगडोबाचं मत विचारलं तर म्हणाला, "जुंपायच्या कामाची न्हाई. पण बोलती बरी."

दाजींना नमस्कार. शिवकांताचा तुला शरणार्थ. उन्हाचं जप.

तुझा,
विरूपाक्ष

ता. क. — खरं तर ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहिलंच. आप्पांनी दुसरी गिटार धरलीय. पाठीसाठी जुनं, रुंद, एकसंध सागवान पाहिजे. तसलं वखारीत मिळत नाही. ते आपल्या माजघरात आहे. आव्वाचं कपाट. सगळ्यांसमोर ती 'हे नीलाचं' म्हणाली होती, मला आठवतं, म्हणून विचारतोय. आप्पा जाता-येता त्याच्या दाराला बोटानं टिचकी मारतात आणि थांबतात. ते तुला विचारणार नाहीत. नको असेल तर नको असं लिही, मी कुलूप लावीन.

ता. क. दुसरा — पाकिटासाठी पोस्टात जाऊन आलो तोवर कपाटाचं दार बिजागऱ्यांतून निघालं होतं. एक टोक आप्पांच्या हातात, दुसरं दगडोबाच्या. आता विचारणं एवढंच राहिलं, की आतली आव्वाची इरकली लुगडी तुझ्याकडं पाठवू, की तू न्यायला येतेस? ये.

ता. क. तिसरा — हे आप्पा सांगतायत, मी नुसतं लिहितोय: "नीलाला म्हणावं, लाकूड तुझंच हाय. आम्ही नुसता आकार बदलतोय."